नव्याने घेतलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असल्यास निदान कसे करावे

गाडी घेऊन दोन-चार दिवसच झालेले असतात, सकाळी इंजिन सुरू केले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा लोट बाहेर पडताना दिसतो. नवख्या मालकाच्या मनात त्या क्षणी हेड गॅस्केटचीच, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील फुटल्याचीच, धास्ती उभी राहते, कारण पांढरा धूर आणि हेड गॅस्केट यांची जोडी त्याने कुठेतरी ऐकलेली असते. प्रत्यक्षात पांढऱ्या दिसणाऱ्या धुरामागे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात : साधी पाण्याची वाफ, इंजिनात शिरलेले कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव), न जळलेले डिझेल आणि निळसर झाक असलेला ऑइलचा धूर. यांतील पहिलीवर काहीच उपाय करावा लागत नाही, तर दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून गाडी चालवत राहिल्यास इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. सुदैवाने यांतला फरक ओळखण्याच्या बहुतेक पायऱ्या घरच्या घरी, हत्यारांशिवाय करता येतात. त्यांचा क्रम मात्र पाळावा, कारण पुढची पायरी आधी केल्यास मागच्या पायरीचा पुरावा पुष्कळदा पुसला जातो.

वाफ का दिसते

पेट्रोल आणि डिझेल या दोन्हींत हायड्रोजन असतो, आणि तो जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. इंजिन तापलेले असताना हे पाणी अदृश्य वाफेच्या रूपात निघून जाते. इंजिन थंड असताना मात्र तीच वाफ सायलेन्सरच्या गार पत्र्याला लागून निवते, तिचे बारीक थेंब बनतात आणि आपल्याला पांढरा धूर दिसतो. पाइपच्या टोकातून पाणी ठिबकते तेही याच कारणाने. हवा जितकी गार आणि दमट, तितका हा लोट मोठा. रोज थोडेच अंतर जाणाऱ्या गाडीत सायलेन्सर कधी पूर्ण तापतच नाही, पाणी आत साठत राहते आणि वाफ अधिक काळ दिसते. गाडी नुकतीच धुतली असेल आणि पाइपमध्ये पाणी गेले असेल, तरी तसेच होते.

पहिली पायरी : थंड इंजिनाची पहिली सुरुवात

सगळ्यात मोलाचा पुरावा रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या मिनिटात मिळतो आणि दिवसातून तो एकदाच मिळतो. म्हणून घाईने किल्ली फिरवू नये. गाडी सपाट आणि मोकळ्या जागी उभी असावी. बंद गॅरेजमध्ये ही तपासणी कधीही करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीव घेतो.

इंजिन सुरू करण्याआधी बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीतील पातळी पाहावी आणि टाकीच्या बाहेरून मार्करने किंवा चिकटपट्टीने तिची नेमकी खूण करावी. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि रंग पाहावा व दोन्हींचे फोटो काढून ठेवावेत. मग दुसऱ्या कोणाला तरी इंजिन सुरू करायला सांगून आपण गाडीच्या मागे, थोडे बाजूला, दोन-तीन मीटरवर उभे राहावे आणि मोबाइलवर चित्रण करावे. हे चित्रण पुढे मेकॅनिकला आणि गरज पडल्यास विक्रेत्यालाही दाखवता येते. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

इथे रंगापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली गोष्ट म्हणजे धूर हवेत किती टिकतो. शुद्ध वाफ पाइपपासून थोड्याच अंतरावर विरून जाते, तर कूलंट, डिझेल किंवा ऑइलचा धूर हवेत रेंगाळतो, जमिनीलगत पसरतो आणि वाऱ्याबरोबर लांबवर वाहत जातो. दुसरी गोष्ट इंजिनाचा आवाज. सुरू होताच इंजिन काही सेकंद एका सिलिंडरवर मिसिंग करत (म्हणजे त्यात इंधन नीट न पेटता) थरथरत असेल, त्याच वेळी पांढरा भपका येत असेल आणि मग ते सुरळीत चालू लागत असेल, तर रात्रीत थोडे कूलंट झिरपून त्या सिलिंडरमध्ये उतरले असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या मते सुरुवातीच्या अवस्थेतील गळतीचे हेच सर्वांत बोलके लक्षण आहे आणि तापलेल्या इंजिनात ते दिसत नाही. तिसरी गोष्ट धूर थांबायला लागणारा वेळ. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आल्यावर पुन्हा पाहावे. तोवर धूर नाहीसा झाला असेल आणि थंड सुरुवातीला मिसिंगही नसेल, तर बहुतेक ती वाफच होती. कडाक्याच्या थंडीत तापलेल्या गाडीमागेही थोडी वाफ दिसू शकते, पण ती लगेच विरते.

वापरलेली गाडी घेताना विक्रेत्याने ती आधीच तापवून ठेवलेली असेल, तर हा पुरावा ग्राहकाच्या नजरेस पडतच नाही. मी स्वतः एकदा असाच फसलो होतो. गाडी दाखवली गेली तेव्हा बॉनेट कोमट होते, मला ते जाणवलेही होते आणि तरी मी विचारले नाही. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी अंगण पांढरे झाले. म्हणून गाडी अजून ताब्यात घेतली नसेल, तर थंड इंजिन पाहण्याचा आग्रह जरूर धरावा.

दुसरी पायरी : वास आणि कागद

पाइपजवळ नाक नेऊ नये. लांबूनच हाताने थोडी हवा आपल्याकडे ओढून वास घ्यावा. वाफेला फारसा वास नसतो. कूलंटचा वास गोडसर, पाकासारखा असतो, कारण त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. न जळलेल्या डिझेलचा वास उग्र असतो आणि त्याने डोळे चुरचुरतात. ऑइल जळल्याचा वास करपट, तेलकट असतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. म्हणून टाकीतील द्रव चाखून पाहण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये आणि जमिनीवर सांडलेले कूलंट मुले किंवा जनावरे चाटणार नाहीत अशा रीतीने लगेच पुसून घ्यावे.

पांढरा कागद पाइपच्या टोकापासून वीतभर अंतरावर अर्धा मिनिट धरला, तर वाफेचे पाणी वाळून जाते आणि फार तर काजळीचे काळे ठिपके राहतात. ऑइल किंवा डिझेल असेल तर वाळल्यावरही तेलकट डाग राहतो. मात्र या चाचणीवर फार भिस्त ठेवू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) असलेल्या गाडीत बरेचसे पदार्थ वाटेतच जळून जातात, त्यामुळे स्वच्छ कागद म्हणजे निर्दोष इंजिन असे समजता येत नाही.

तिसरी पायरी : कूलंटचा हिशेब

ही पायरी कंटाळवाणी आहे, तिला आठवडाभर लागतो, आणि तरीही सगळ्या निदानाचा पाया हाच आहे. कूलंटचे चक्र बंद असते, त्यामुळे निरोगी इंजिनात काही आठवड्यांत पातळी डोळ्यांना जाणवेल इतकी कमी होता कामा नये. ज्या गाडीतून पांढरा धूर येतो आणि कूलंट बाहेर कुठेही न गळता कमी होत जाते, तिच्यात ते इंजिनात जळते आहे असेच मानावे लागते. उलट, पाचशे-सहाशे किलोमीटर गाडी चालवूनही पातळी खुणेवरच असेल, तर हेड गॅस्केटवरचा संशय फार काही शिल्लक राहत नाही.

पातळी रोज सकाळी, इंजिन थंड असताना, त्याच सपाट जागी मोजावी. तापल्यावर कूलंट प्रसरण पावते आणि पातळी वर चढते, त्यामुळे सकाळची नोंद आणि संध्याकाळची नोंद यांची तुलना फसवी ठरते. तारीख, किलोमीटर आणि खुणेपासूनचे अंतर, एवढे वहीत लिहिले तरी पुरते.

इथे एक सावधगिरी नव्याने घेतलेल्या गाडीच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. विक्रीपूर्वी कूलंट बदललेले असेल, तर चक्रात अडकलेली हवा पहिल्या काही फेऱ्यांत बाहेर पडते आणि पातळी एक-दोनदा उतरते. मग ती स्थिरावते. म्हणून पहिल्या घसरणीवरून निष्कर्ष काढू नये. पुन्हा खुणेपर्यंत भरून मोजणी नव्याने सुरू करावी.

पातळी उतरतच राहिली, तर आधी बाहेरची गळती शोधावी. होस पाइपचे जोड, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाच्या खालची बाजू यांवर वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थर दिसतो का, ते टॉर्च लावून पाहावे. गाडीच्या आत पुढच्या बाजूची चटई ओलसर लागत असेल आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर गळत असतो. त्या गळतीचा आणि सायलेन्सरच्या धुराचा काही संबंध नसतो.

कूलंटचा रंगही बरेच सांगतो. टाकीत कूलंटऐवजी गंजाच्या रंगाचे साधे पाणी असेल, तर आधीचा मालक वारंवार पाणी टाकून गाडी चालवत असावा. द्रवात चकाकणारे कण किंवा टाकीच्या तळाशी चिखलासारखा गाळ असेल, तर गळती बुजवण्याची पावडर टाकली असण्याची शंका घ्यावी. रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. गरम चक्रातील कूलंट दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते उकळत उसळते आणि चेहरा व हात गंभीर भाजतात.

चौथी पायरी : ऑइल

डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल किंवा ऑइल न टाकताच त्याची पातळी वाढली असेल, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळले आहे असे समजून इंजिन पुन्हा सुरू करू नये. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगला नीट वंगण देऊ शकत नाही.

ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर, लोण्यासारखा थर दिसला की लोक घाबरतात, पण तो एकटा असेल तर फारसा विश्वसनीय पुरावा नाही. थंडीत थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत इंजिनाच्या वरच्या भागात दमटपणा साचतो आणि असाच थर धरतो. तो पुसून, अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पुन्हा पाहावे. डिपस्टिक स्वच्छ आणि कूलंटची पातळी स्थिर असेल, तर काळजीचे कारण नाही. त्याच वेळी ऑइल दोन खुणांच्या मध्येच आहे ना, हेही पाहावे. सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल जास्त भरले गेल्यानेही निळसर पांढरा धूर येऊ शकतो, आणि जादा ऑइल काढून टाकणे एवढाच त्यावरचा उपाय असतो.

पाचवी पायरी : कूलंटचा संशय पक्का करणे

रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होस पाइप हाताने दाबून पाहावा, मात्र फिरणाऱ्या पट्ट्यापासून आणि फॅनपासून हात व कपडे लांब ठेवावेत. पाइप अजून गार असतानाच तो दगडासारखा टणक लागत असेल, तर सिलिंडरमधील वायू कूलंटच्या चक्रात घुसत आहेत, कारण इतक्या लवकर केवळ उष्णतेने एवढा दाब तयार होत नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून मग इंजिन सुरू केल्यावर तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर त्याचाही अर्थ बहुधा तोच.

यापुढच्या चाचण्या गॅरेजमध्ये करून घ्याव्यात, पण कोणती चाचणी कशासाठी आहे हे मालकाला माहीत असावे. एका चाचणीत रेडिएटरच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी बसवून चक्रातील हवा त्यातून ओढली जाते. जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड त्यात आला, तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. मला ही चाचणी सर्वांत पसंत आहे, कारण ती स्वस्त आहे, पटकन होते आणि इंजिन उघडावे लागत नाही. दुसऱ्या चाचणीत हातपंपाने कूलंटच्या चक्रात झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब भरतात. हा दाब साधारण एक बारच्या आसपास असतो. बाहेर कुठेही थेंब न दिसता दाब उतरत गेला, तर गळती आत आहे. स्पार्क प्लग काढून पाहिल्यावर त्यांतील एकच वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघाला, तर कूलंट त्याच सिलिंडरमध्ये जात असते. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाच्या, तपासणीत शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम कमी आले, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या पट्टीत फुटलेली असते. स्कॅनरवर मिसिंगचे कोड दिसले, तर त्यांतील शेवटचा अंक सिलिंडर सांगतो. उदाहरणार्थ, पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. मात्र पी०३०० हा कोड कोणत्याही एका सिलिंडरकडे बोट दाखवत नाही.

एकाच चाचणीवरून हेड खोलण्याचा निर्णय घेऊ नये. कूलंटचा हिशेब आणि यांपैकी किमान एक चाचणी यांचा निष्कर्ष जुळायला हवा.

डिझेल गाडी असेल तर

डिझेलला पेटवायला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटते. ही उष्णता कमी पडली की डिझेलचा काही भाग न जळताच बारीक तुषारांच्या रूपात बाहेर पडतो आणि दाट पांढरा, उग्र वासाचा धूर दिसतो. थंड सुरुवातीलाच धूर येऊन काही मिनिटांत थांबत असेल आणि इंजिन सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर सर्वप्रथम हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे प्लग) आणि त्यांना वीज देणारा रिले तपासावा. चारपैकी एकच प्लग गेला असला तरी एवढे लक्षण दिसते. इंजिन तापल्यावरही धूर कायम असेल, तर गळके इंजेक्टर, उशिरा होणारे इंधनाचे फवारणे किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांकडे वळावे लागते.

डिझेल गाडीत कूलंट कमी होत असेल, तरी दोष हेड गॅस्केटचाच असेल असे नाही. अनेक गाड्यांत धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्याआधी कूलंटने गार केला जातो. त्या ईजीआर कूलरला चीर गेली, तर कूलंट थेट धुरात मिसळते आणि लक्षणे गॅस्केटसारखीच दिसतात. कूलर काढून त्याची दाबाची चाचणी करणे हे हेड खोलण्यापेक्षा पुष्कळ कमी कष्टाचे असते, म्हणून आधी ती करून घेण्याचा आग्रह धरावा. काजळीचा फिल्टर असलेल्या गाडीत तो स्वतःला जाळून साफ करत असतानाही काही मिनिटे पांढरट धूर आणि तापलेला वास येऊ शकतो. ही क्रिया संपली की तो आपोआप थांबतो.

निळसर झाक असेल तर

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सुरुवातीला एकच निळसर भपका येत असेल, तर वॉल्व्हचे ऑइल सील झिजलेले असतात. चढावर किंवा जोर लावताना सतत धूर येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा टर्बोचे सील यांवर संशय घ्यावा. एक कारण सहसा ध्यानात येत नाही : ब्रेक ऑइलची पातळी घटते आहे, पण कोणत्याही चाकाजवळ ओल नाही, अशा वेळी ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरमधून ते ऑइल इंजिनात ओढले जाऊन दाट पांढरा धूर निघत असू शकतो. हा दोष ब्रेकचा आहे, त्यामुळे अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

निदान पक्के झाल्यावर

कूलंट जळत असल्याचे निश्चित झाले, तर गाडी चालवत गॅरेजला न नेता टो करून न्यावी. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते पुरेसे साचले असताना इंजिन फिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कूलंटमधील रसायनांनी ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होतात. गळती बुजवणारी पावडर टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण तो स्वीकारू नये. ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या चोंदवते आणि मूळ दोष तसाच राहतो.

इंजिन उघडण्याआधी विक्रेत्याला किंवा वॉरंटी देणाऱ्याला चित्रण, फोटो आणि नोंदींसह लेखी कळवावे. एकदा हेड उतरवले की दोष कधीपासून होता, हे सिद्ध करणे अवघड होते. गाडी कारखान्यातून आलेली कोरी असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांत सायलेन्सरच्या बाहेरच्या पत्र्यावरील संरक्षक थर जळून थोडा धूर व वास येऊ शकतो. तो पाइपच्या तोंडातून येत नाही, हे वाकून पाहिले की कळते. धूर आतून येत असेल आणि कूलंटही घटत असेल, तर स्वतः काहीही न उघडता अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जावे.

हेड उतरवायचेच ठरले, तर नवी गॅस्केट बसवण्यापूर्वी हेड सरळ आहे का ते पट्टी आणि फीलर गेज लावून मोजायला सांगावे. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचाच वाकडेपणा चालतो आणि नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. वाकलेल्या हेडचे फेसिंग (घासून सपाट करणे) न करता बसवलेली गॅस्केट टिकत नाही. हेडला चीर आहे का याची दाबाची चाचणी, निर्मात्याने सांगितले असल्यास नवे हेड बोल्ट आणि ठरलेल्या क्रमाने व टॉर्कने केलेली आवळणी, या गोष्टी झाल्या का हे बिलावर लिहून घ्यावे. गॅस्केट बहुधा इंजिन जास्त तापल्याने फुटते, म्हणून ते मुळात का तापले, याचेही उत्तर मागावे. थर्मोस्टॅट अडकला होता, फॅन चालत नव्हता की वॉटर पंप गळत होता, हे शोधले नाही तर नवी गॅस्केटही त्याच वाटेने जाते.

गाडी घरी आल्यावर पहिल्या सकाळी पुन्हा थंड इंजिनाचे चित्रण त्याच जागेवरून करावे, टाकीवर नवी खूण करावी आणि किमान दोन आठवडे वहीतील नोंदी चालू ठेवाव्यात.